सुवर्णकमळ कर्नाळ्याला का नाही?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की दुसऱ्या दिवशी दिवा-रोहा गाडीत फेरतपासणी सुरू होते. पनवेल सुटलं की वादाला तोंड फुटतं आणि पेण येईपर्यंत दोन-तीन पुरस्कार परत घेतलेले असतात.

२०२५ च्या १ ऑगस्टला ७१वे पुरस्कार जाहीर झाले, तेव्हाही तेच. ‘ट्वेल्थ फेल’ला सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ द्यायचं होतं का? शाहरुख खानला ‘जवान’साठी अभिनयाचा पुरस्कार, तोही विक्रांत मॅसीबरोबर वाटून, हे पटतं का? “काका, तुम्ही ‘जवान’ बघितलात तरी का?” “बघितला रे. तू त्याच्या आधीचे बघितले नाहीस, म्हणून एवढा तावातावाने बोलतोस.”

काकांचं बरोबर आहे. आधीचे बघितलेत कुणी?

गाडी आपट्याच्या आसपास येते. बाहेर कर्नाळ्याचा सुळका उभा असतो. डब्यात ‘ट्वेल्थ फेल’वर भांडण रंगलेलं असतं आणि सुळक्याकडे एकही मान वळत नाही.

वळायला हवी. भारतातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा मान एका वर्षी या सुळक्याला मिळायला हवा होता. मिळाला नाही.

साल १९७७. चित्रपट ‘जैत रे जैत’.

गो. नी. दांडेकरांची कादंबरी, सतीश आळेकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, उषा मंगेशकरांची निर्मिती, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. पडद्यावर मोहन आगाशे, स्मिता पाटील, निळू फुले, सुलभा देशपांडे. एवढी नावं एका श्रेयनामावलीत पुन्हा कधी एकत्र आली?

आणि गोष्ट कुणाची? कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरांची. कर्नाळा कागदावर पनवेल तालुक्यात मोडतो, हे मान्य. पण ठाकरवाड्या तालुक्याच्या हद्दीला विचारून वसलेल्या नाहीत. पेणच्या डोंगरपट्टीतल्या कुठल्याही वाडीत ही गोष्ट परकी वाटणार नाही.

नाग्या भगताचा पोर. त्याला पुण्यवंत व्हायचंय. पाप करायचं नाही, देवाला दुखवायचं नाही, एवढंच त्याचं मागणं. आणि ज्या लिंगोबाच्या डोंगराला तो देव मानतो, तिथलीच राणीमाशी त्याला डसते, एक डोळा घेते. का? मी काय पाप केलं? सगळा चित्रपट या एका प्रश्नावर उभा आहे.

तेव्हाच्या समांतर चित्रपटात आदिवासी माणूस म्हटला की समोर जमीनदार, सावकार नाहीतर फौजदार असायचा. नाग्याचं भांडण थेट देवाशी आहे. गरिबाला देवाशी वाद घालायचाही हक्क असतो, हे आपल्या पडद्याला किती वेळा सुचलं?

आणि चिंधी! नवरा मनातून उतरला, तर सोडून येते. रडत नाही, लाजत नाही, कुणाची परवानगी मागत नाही. नाग्या आवडला, तर आवडला म्हणते. १९७७ साली शहरातल्या नायिकेला एवढं मोकळं बोलायला तीन रिळं आणि एक आजारपण लागायचं.

शेवट तर परीक्षकांनी पुन्हा पुन्हा बघावा असा. नाग्या सुळका चढतो. मधाची पोळी उतरतात. जिंकतो. आणि चिंधी जाते. शीर्षकात जैत दोनदा आहे, पडद्यावर ती धड एकदाही पदरात पडत नाही. एवढा कडू शेवट करायची हिंमत केलेल्या चित्रपटाला कुणी ‘गाण्यांचा सिनेमा’ म्हणावं?

म्हणाले. आजही म्हणतात.

हाच खरा घोळ आहे. ‘जैत रे जैत’ची गाणी इतकी चांगली निघाली की चित्रपट त्यांच्याखाली दबला. पेणला गणपतीच्या कारखान्यात ऐन हंगामात जा. मूर्ती ओळीने मांडलेल्या, कोपऱ्यात मोबाइल लावून ठेवलेला, कारागीर श्वास रोखून डोळ्यांची आखणी करतोय. ब्रश एका रेषेत जातो, मागे हृदयनाथांची चाल चालू असते. ती चाल कुठल्या प्रसंगातली, असं विचारा. गाणं पाठ असतं, प्रसंग ठाऊक नसतो.

त्यात कारागिराचा काय दोष? त्याला चित्रपट दाखवला कुणी?

गाणी होती म्हणून सुवर्णकमळ गेलं, अशी एक सबब मांडतात. सत्तरच्या दशकातल्या गंभीर सिनेमाला गाण्यांचं वावडं होतं, म्हणे. मग १९६८ चा सर्वोत्तम चित्रपट कुठला? सत्यजित राय यांचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’. नावातच गाणं आणि बजावणं. राय यांना चाललं ते पटेलांना का चालू नये?

त्यातून ‘जैत रे जैत’मधली गाणी गोष्ट थांबवून येत नाहीत. गोष्टच त्यांच्यातून पुढे सरकते. ढोल वाजतो तेव्हा नाग्या बोलत असतो. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचा शेतकरी कवी कर्नाळ्याच्या ठाकरांच्या तोंडी शब्द घालतो आणि ते उपरे वाटत नाहीत. परीक्षकांनी यावर तरी कान द्यायचा होता.

दिला नाही. त्या वर्षीचा संगीताचा राष्ट्रीय पुरस्कारसुद्धा दुसरीकडे गेला.

हृदयनाथांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार पुढे मिळाला तो ‘लेकिन’ला. १९९० सालच्या. हिंदी. कर्नाळ्याच्या ढोलाला जे मिळालं नाही, ते राजस्थानच्या वाळूत मिळालं.

स्मिता पाटीलचंही तसंच. १९७७ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तिलाच मिळाला, पण ‘भूमिका’साठी. श्याम बेनेगलांचा चित्रपट, आपल्या हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर बेतलेला. पुरस्कार योग्यच. तक्रार एवढीच, की त्याच वर्षी तिने चिंधी केली होती आणि चर्चेत चिंधीचं नावही निघत नाही. एकाच वर्षात एक बाई ‘भूमिका’तली उषा आणि कर्नाळ्याची चिंधी करते. असं वर्ष आणखी कुठल्या अभिनेत्रीच्या नावावर आहे?

आता समोरच्या बाजूचं बोलू. कारण ते न बोलता ‘अन्याय, अन्याय’ करणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे.

१९७७ चं सुवर्णकमळ ‘घटश्राद्ध’ला मिळालं. गिरीश कासारवल्लींचा पहिला चित्रपट, अनंतमूर्तींच्या कथेवरचा. कृष्णधवल. कोवळी विधवा यमुना, तिला दिवस गेलेले, जिवंतपणी तिचं श्राद्ध घालणारा समाज आणि हे सगळं बघणारा एक लहान मुलगा. संगीत ब. व. कारंतांचं, पुरस्कार त्यांनाच. आणि कासारवल्ली शिकले कुठे? पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये.

थोर चित्रपट आहे. त्याला कमी लेखून ‘जैत रे जैत’ मोठा होणार नाही.

तरीही माझं मत ‘जैत रे जैत’ला. सांगतो का. अग्रहारातली कोंडी, सोवळ्याच्या आतली कुजकट माया हे त्या परीक्षक मंडळांना नवीन नव्हतं. अनंतमूर्तींच्याच कादंबरीवरच्या ‘संस्कार’ला १९७० चं सर्वोच्च पदक मिळून गेलं होतं. सात वर्षांत त्याच लेखकाच्या त्याच जगाला दुसऱ्यांदा मान. तिकडे डोंगरातला माणूस स्वतःच्या देवासकट, ढोलासकट, बाईसकट पडद्यावर आला होता आणि तो दयेची भीक मागत नव्हता. नवं कुठलं होतं?

अजून एक टोचतं. पुढच्या वर्षी, १९७८ चं सुवर्णकमळ कुणालाच दिलं गेलं नाही. लायक चित्रपटच सापडला नाही. ‘जैत रे जैत’ सेन्सॉरच्या दारात वर्षभर उशिरा पोचला असता तर?

तर आज आपण हे बोलत नसतो.

बरं, ‘जैत रे जैत’ला काहीच मिळालं नाही असंही नाही. मिळालं. ‘सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट’. रजतकमळ.

हे रजतकमळ म्हणजे आपल्या सगळ्या रडगाण्याचं मूळ. भाषावार पहिला नंबर. घरच्या अंगणात पहिला. हार घाला, पेढे वाटा, घरी जा. दिल्लीने दिलं म्हणून आपणही खूश. वरच्या पायरीवर आपला चित्रपट का नव्हता, हे विचारायचं आपण विसरलो.

जब्बार पटेलांचंच खातं काढा. ‘जैत रे जैत’ला रजत. १९७९ च्या ‘सिंहासन’ला रजत. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, मंत्रालयाच्या जिन्यावरचं सगळं राजकारण दोन-अडीच तासांत. त्या वर्षी सुवर्ण कुणाला? ‘शोध’ला. ‘सिंहासन’मधला निळू फुल्यांचा दिगू आजही महाराष्ट्रात सरकार बदललं की आठवतो. ‘शोध’ कुणाला आठवतो?

मग ‘उंबरठा’. पुन्हा रजत. सुवर्ण गौतम घोष यांच्या ‘दखल’ला. ‘उंबरठा’तली सुलभा घराबाहेर पडली ती मराठी बायकांच्या दोन पिढ्यांच्या डोक्यात जाऊन बसली. परीक्षकांच्या डोक्यात मात्र नाही.

इथे गाडीतला कुणीतरी हमखास म्हणणार, “दिल्लीवाल्यांना मराठीचं वाकडंच!”

खोटं.

पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक कुणाला मिळालं? १९५३ च्या ‘श्यामची आई’ला. आचार्य अत्र्यांच्या. देशातला पहिला मान मराठीचा, आणि कोकणातल्या गोष्टीचा. पालगडच्या सान्यांच्या घरातली आई दिल्लीत पहिली आली. वाकडं असतं तर सुरुवातच झाली नसती.

त्यानंतर मात्र दुष्काळ. थेट २००३ च्या ‘श्वास’पर्यंत. पन्नास वर्षं! मध्ये शांतारामबापूंना मिळालं, १९५७ ला, ‘दो आँखें बारह हाथ’साठी. हिंदीत.

या पन्नास वर्षांत सुवर्णकमळं फक्त हिंदीने पळवली, असंही नाही. बंगालीने नेली. कन्नडने सत्तरच्या दशकात तीन नेली: ‘संस्कार’, ‘चोमन दुडी’, ‘घटश्राद्ध’. मल्याळमने ‘स्वयंवरम्’ आणि ‘निर्माल्यम्’ अशी लागोपाठ दोन नेली. ही माणसं दिल्लीच्या जास्त जवळ राहत होती का?

त्यांच्याकडे प्रेक्षक होता. घडवलेला प्रेक्षक. केरळात अदूर गोपालकृष्णन आणि मित्रांनी १९६५ च्या सुमारास चित्रलेखा फिल्म सोसायटी काढली. अशा सोसायट्या गावागावांत पसरल्या. माणसं चादरीवर प्रोजेक्टर मारून जगभरचे चित्रपट बघत होती आणि बाहेर पडून भांडत होती. अशा गावातून आलेला दिग्दर्शक आणि अशा गावातून आलेला परीक्षक, दोघांना एकमेकांचं बोलणं कळतं.

आपल्याकडे प्रभात चित्र मंडळ निघालं ते मुंबईत. पुण्यात चित्रपट संग्रहालय, चित्रपट संस्था. आणि पेण? रोहा? मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, तरी हाक पोचली नाही.

हेटवण्याचं धरण पेण तालुक्यात, पाणी नवी मुंबईला, आणि पेणच्याच खारेपाटातली बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघते. ‘जैत रे जैत’चं आणि आपलं नातं नेमकं असंच राहिलं आहे.

म्हणून म्हणतो, ते सुवर्णकमळ दिल्लीत हुकलं असेल, पण विसरलं गेलं ते इथे. परीक्षकांनी एकदा दुर्लक्ष केलं. आपण १९७७ पासून करतोय.

रोह्याचं काय वेगळं?

पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे. १९२० चा जन्म. स्वाध्यायाचं काम, १९९६ चा मॅगसेसे, १९९७ चा टेम्पलटन, हे रोह्यात शाळकरी पोरालाही सांगता येतं. त्यांच्या स्वाध्याय परिवारावर श्याम बेनेगलांनी १९९१ साली ‘अंतर्नाद’ काढला. शबाना आझमी, कुलभूषण खरबंदा. बेनेगलांचा चित्रपट, रोह्याच्या माणसाच्या कामावरचा.

किती रोहेकरांनी पाहिला?

इथे मी सुवर्णकमळाचा दावा करणार नाही. त्या वर्षीचं सुवर्ण ‘आगंतुक’ला मिळालं, सत्यजित राय यांच्या शेवटच्या चित्रपटाला, आणि त्याच्यासमोर ‘अंतर्नाद’ फिका पडतो. बेनेगलांच्याच ‘मंथन’समोरही फिका पडतो. आपल्या गावचं म्हणून सगळंच थोर म्हणायला लागलो, तर ‘जैत रे जैत’साठी भांडायचा अधिकार जातो.

पण आधी बघायला तर हवा. न बघता फिका म्हणणारे वेगळे आणि बघून म्हणणारे वेगळे.

अलीकडच्या वीस वर्षांत मराठीची तक्रार कमी झाली, हेही कबूल करू. ‘श्वास’नंतर ‘देऊळ’ला सुवर्ण, २०११ चं, ‘ब्यारी’बरोबर वाटून. २०१४ चं ‘कोर्ट’ला. तिथे कुणी हरकत घेत असेल तर मी त्याच्या विरोधात उभा. ‘कोर्ट’इतकं थंड डोक्याने या देशातल्या न्यायाबद्दल पडद्यावर कुणी बोललेलं नाही. त्याच वर्षी ‘किल्ला’ला रजत मिळालं, तेही पटतं. २०१६ चं ‘कासव’ला.

‘कासव’पाशी जरा थांबू.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा चित्रपट. देवगडकडचा समुद्र, कासवांची अंडी राखणारी माणसं आणि जगण्याला कंटाळलेला एक पोरगा. त्याचे एक निर्माते कोण? डॉ. मोहन आगाशे. १९७७ ला लिंगोबाचा सुळका चढलेला नाग्या एकोणचाळीस वर्षांनी सुवर्णकमळापर्यंत पोचला. चढण एवढी लांबायची गरज नव्हती.

आणि भावे-सुकथनकरांना सर्वोच्च मान मिळायला २०१६ का उजाडावं लागलं? ‘दोघी’ १९९५ चा आहे. दुष्काळी गाव, दोन बहिणी, मोठीला मुंबईच्या बाजारात पाठवून तिच्या पैशावर जगणारं आणि तीच परत आली की तोंड फिरवणारं घर. त्याला मिळालं काय? सामाजिक विषयावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट. ही आणखी एक खोली. चित्रपट बाईबद्दल असला, गरिबीबद्दल असला की त्याला ‘सामाजिक’च्या खोलीत बसवायचं. ‘दोघी’ सामाजिक नाही. ‘दोघी’ चित्रपट आहे.

‘फँड्री’चंही तसंच केलं. २०१३ चं सुवर्ण ‘शिप ऑफ थिसियस’ला. ‘फँड्री’ला पदार्पणाचा पुरस्कार आणि सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. नागराज मंजुळेंचा पहिला चित्रपट म्हणून पाठ थोपटली. पहिलाच होता हो, पण पहिला म्हणून मोठा नव्हता. डुक्कर पकडायला धावणाऱ्या घराला बघून हसणारं गाव, मध्येच राष्ट्रगीत सुरू झालं म्हणून जागच्या जागी ताठ थांबणारा बाप आणि पळून जाणारं डुक्कर. हा एक प्रसंग सुवर्णकमळाला पुरेसा होता. आणि शेवटी जब्याचा दगड येतो तो आपल्याच कपाळावर. ‘शिप ऑफ थिसियस’ विचार करायला लावतो. ‘फँड्री’ मान खाली घालायला लावतो. जास्त अवघड काय?

२०१५ सालाबद्दल फार बोलायला नको. सुवर्णकमळ ‘बाहुबली’ला. त्या वर्षी मकरंद मानेंचा ‘रिंगण’ होता. कर्जात बुडालेला शेतकरी बाप आणि ‘आई देवाघरी गेली’ हे शब्दशः खरं मानून पंढरपुरात तिला शोधणारा त्याचा पोरगा. ‘रिंगण’ला मराठीचं रजत.

‘बाहुबली’ला देशभर रांगा होत्या. त्याला कमळ कशाला हवं होतं?

सर्वोच्च पुरस्काराचं काम काय, तर ज्याच्याकडे जाहिरातीला पैसा नाही, त्याच्याकडे लोकांचं तोंड वळवणं. गर्दीने आधीच डोक्यावर घेतलेल्याला परत डोक्यावर घेऊन परीक्षक कुणाचं भलं करतात?

आणि आता ताजा हिशेब. ७१व्या पुरस्कारांत मराठीचं रजतकमळ ‘श्यामची आई’ला, सुजय डहाकेंच्या. १९५३ च्या आईला देशात पहिला नंबर, २०२३ च्या आईला मराठीत पहिला. गैर काही नाही. पण त्याच वर्षी ‘आत्मपॅम्फ्लेट’ होता. परेश मोकाशींचं लेखन, आशिष बेंडेंचं दिग्दर्शन. एका शाळकरी पोराच्या प्रेमात देशाचं सगळं राजकारण आणि जातकारण कोंबून, तरी कुठे दम न लागता धावणारा चित्रपट. बर्लिनला दाखवला गेलेला. त्याला पदार्पणाचा पुरस्कार. पुन्हा पाठ थोपटली, पुन्हा बाजूच्या खोलीत बसवलं.

माझं मत विचाराल तर रजत त्याचं होतं. आणि ‘ट्वेल्थ फेल’समोर उभं केलं असतं, तर सुवर्णाचाही विचार करावा लागला असता.

परीक्षकांना शिव्या घालण्याआधी एक व्यवहार लक्षात घ्यावा. हा पुरस्कार वाटेने जाताना कुणी गळ्यात घालत नाही. चित्रपट त्या वर्षात सेन्सॉर झालेला हवा, निर्मात्याने अर्ज भरायला हवा. मग पाच विभागीय समित्या, त्यांनी निवडलेले चित्रपट मध्यवर्ती समितीपुढे. ज्याने अर्जच केला नाही, तो कितीही थोर असो, शर्यतीत नाही. त्यामुळे ‘याला का नाही दिलं?’ विचारताना ‘हा होता का?’ हे आधी विचारावं. अर्धे वाद तिथेच मिटतात.

उरलेल्या अर्ध्यांसाठी चित्रपट बघावे लागतात.

आणि इथेच ‘घटश्राद्ध’ पुन्हा आडवा येतो. त्याचं काय झालं, माहीत आहे? फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि मार्टिन स्कोर्सेसींच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टने मिळून तो दुरुस्त केला. ओरखडे काढले, आवाज स्वच्छ केला. २०२४ ला व्हेनिसच्या महोत्सवात तो नव्याने दाखवला गेला. १९७७ ला जिंकलेला चित्रपट आज पुन्हा जगभर फिरतोय.

आणि हरलेला? तो आपण मोबाइलवर बघतो. फिकट प्रत, आवाज खरखरीत, कर्नाळ्याची हिरवाई मातकट झालेली. बघतो म्हणजे काय, गाण्यापुरता बघतो आणि पुढे ढकलतो.

‘जैत रे जैत’ मोठ्या पडद्यावर, स्वच्छ प्रतीतून बघितलेला तिशीतला पेणकर मला दाखवा.

राज्य सरकार नव्या मराठी चित्रपटांना अनुदान देतं. लाखांत देतं. देऊ दे. त्यातल्या एका चित्रपटाचे पैसे बाजूला काढून ‘जैत रे जैत’ची प्रत दुरुस्त करा, अशी मागणी रायगडच्या एकाही लोकप्रतिनिधीने करू नये? रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलता तेव्हा आम्ही टाळ्या वाजवतोच. एकदा या डोंगराच्या चित्रपटावरही बोला.

खर्च फार नाही. पेणला सभागृह आहे, रोह्याला सभागृह आहे. गणपतीच्या कारखान्यांचा हंगाम संपला की कारागिरांना रात्रीची सवड असते. गौरीगणपतीत दहा दिवस ऑर्केस्ट्राला वर्गणी देणारी मंडळं एका रात्रीचं भाडं देऊ शकत नाहीत का? ठाकरवाड्यांतून माणसं आणायला दोन टेम्पो पुरतील. आणायचं मात्र त्यांना आधी. पहिल्या रांगेत बसवायचं. त्यांच्यावर काढलेला चित्रपट त्यांनी बघून सांगू दे, खरा वाटला की खोटा. १९७७ च्या परीक्षकांना जे विचारायला सुचलं नाही, ते त्यांना विचारायचं.

रोह्यात ‘अंतर्नाद’ लावा. ज्यांनी पांडुरंगशास्त्र्यांना प्रत्यक्ष ऐकलंय अशी माणसं अजून आहेत. त्यांना बोलू द्या, बेनेगलांना कुठे जमलं, कुठे नाही.

आणि दुसऱ्या रात्री, त्याच पडद्यावर, ‘घटश्राद्ध’ लावा. नवी दुरुस्त प्रत, उपशीर्षकांसकट. दारात एक मतपेटी ठेवा. माझी चिठ्ठी भरलेली आहे, ती बदलेल असं वाटत नाही. पण दोन्ही चित्रपट बघून, कडाकडा भांडून, एखाद्या वाडीतली बाई म्हणाली की यमुनेचं दुःख चिंधीपेक्षा मोठं, तर तिचं मत मला दिल्लीच्या कुठल्याही मंडळापेक्षा जास्त मान्य.

तारीख कळवा.